पाच टिंबांचं सॅम्पल

गोंदवून घेणं वेगळं आणि सॅम्पल घेणं वेगळं, हे मी आजवर अकरा जणांना समजावून सांगितलं आहे. एकालाही पटलेलं नाही. ते माझ्या डाव्या हाताकडं बघतात, पाच टिंबं मोजतात आणि "छान आहे हो, या वयात" असं म्हणून निघून जातात. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढावं म्हटलं. माझी बायको राजलक्ष्मी म्हणाली, "लिहा, पण कुकरचंही लिहा." तेही येईल.

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, सव्वीस वर्षं झाली. उसाचा रस असो, पाक असो की मळी, सॅम्पल घेऊन रजिस्टरला टिपल्याशिवाय आमच्याकडं काही पुढं सरकत नाही. ही सवय माझ्या हाडीमासी खिळली आहे. घरी आमटी झाली तरी मी आधी चमचाभर बशीत घेऊन उजेडात धरतो. त्यावर राजलक्ष्मी जे बोलते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माझी दुसरी ओळख म्हणजे रक्तदान. एकोणपन्नास वेळा दिलंय. तो फॉर्म मला पाढ्यासारखा पाठ आहे. कावीळ नाही, मलेरिया नाही, ऑपरेशन नाही, गोंदण नाही, खाली सही. यंदाच्या शिबिरात माझं पन्नासावं होतं, आणि आमच्या कॉलनीच्या मित्रमंडळाचे अध्यक्ष हिंदुराव यांनी महिनाभर आधीच चौकात फ्लेक्स लावला होता. त्यावर माझा फोटो, वर 'रक्तदानाचे अर्धशतक, मा. विजयसिंह', मागं उगवता सूर्य आणि कोपऱ्यात, का ते हिंदुरावांनाच ठाऊक, एक वाघ. मी रोज कामावर जाताना तिकडं बघायचं नाही असं ठरवायचो आणि रोज गाडी तिथंच हळू व्हायची. खोटं कशाला बोलू, मला त्या पन्नासाव्या बाटलीची फार हौस होती. सव्वीस वर्षांत कारखान्यानं माझा फोटो लावला तो फक्त ओळखपत्रावर, आणि त्यात माझे डोळे मिटलेले आहेत.

अशात गावाकडून, कळसहून, आई आली. आईला गाव ठमाबाई म्हणतं. वय ऐंशीच्या पुढं, कान शाबूत, हट्टही शाबूत. तिनं पिशवीतून शेंगा काढल्या, तांदळाच्या पिठाची पुरचुंडी काढली आणि शेवटी एका फडक्यातून दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन सुया काढून टेबलावर ठेवल्या.

"छकुलीचं गोंदण करायचं हाय," ती म्हणाली.

छकुली म्हणजे माझी भाची, अंथुर्ण्याला दिलेल्या बहिणीची मुलगी. शेतकीची पदवी झाली, बारामतीत नोकरी लागली, तेव्हापासून आमच्याकडंच राहते. तिचं लग्न लोणी भापकरच्या मुलाशी ठरलं होतं, रक्तदान शिबिरानंतर बरोबर आठ दिवसांनी. आणि आमच्यात रीत अशी की लेकीच्या लेकीला लग्नाआधी आजोळी गोंदतात. डाव्या हातावर पाच टिंबं, चार कोपऱ्यांना चार आणि मधी एक. आईच्या हातावर ती अजून आहेत, हिरवट पडलेली. बहिणीच्या हातावरही आहेत.

"आई, तू आता ह्या वयात सुई धरणार?" मी म्हणालो.

"तर कोण धरनार? गोंदणारनी ऱ्हायल्यात का आता? तुझ्या बहिनीला बी तिच्या आजोळी नेऊन मीच गोंदलं. दिव्याची काजळी धरायची, कारल्याच्या पाल्याचा रस घालायचा, टोचायचं, वर हळद दाबायची. झालं."

"आणि ही सुई किती जुनी आहे?"

"तुझ्यापेक्षा जुनी. पन तुझ्यापेक्षा सरळ हाय."

छकुली सोफ्यावर बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "मामा, आजीला पाहिजे तर मला चालेल. पाच टिंबंच आहेत." पोरगी शिकलेली, पण आजीपुढं तिचं शिक्षण कुठं जातं कळत नाही. मी मात्र ठरवलं की ह्या घरात गंजक्या सुईनं आणि दिव्याच्या काजळीनं काही होणार नाही. आजोळचं गोंदण म्हणजे मामाची जबाबदारी. जे होईल ते शास्त्रशुद्ध होईल.

सुरुवात मी शहाण्यासारखी केली, हे नोंदवून ठेवतो. आईला आणि छकुलीला घेऊन बारामतीतल्या एका टॅटूच्या दुकानात गेलो. स्वच्छ दुकान, एसी, भिंतीवर ड्रॅगन. मुलगा नम्र होता. त्यानं सुईचं पाकीट आमच्यासमोर फोडून दाखवलं, हातमोजे चढवले.

"मोजे घालून गोंदतो व्हय?" आई म्हणाली. "माझ्या नातीला शिवायची लाज वाटती का तुला?"

त्यानं बिचाऱ्यानं सगळं समजावून सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरगं चांगलं हाय. पन गोंदण घरच्या बाईच्या हातचं लागतं. परक्या गड्याच्या मशिनीचं न्हाय." आणि उठली. निघताना तो मुलगा हळूच मला म्हणाला, "काका, घरी काही करू नका. सुई तुम्ही उकळाल, पण शाई कुठून आणाल?"

तिथंच घोटाळा झाला. एक तर तो मला काका म्हणाला. मी केसांना काय उगीच रंग लावतो? आणि शाई कुठून आणाल, हे प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारावं? मी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात रजिस्टरचं पान आखून झालं होतं. आई टोचणार, हे ठरलंच होतं. सुरक्षित शाई मी शोधणार.

प्रथम सरकारी मार्ग. इंदापूरला एका कामाला गेलो होतो, तिथं एका कार्यालयाच्या खिडकीत विचारलं की गोंदणाची शाई तपासून, सुरक्षित असल्याचा दाखला कोण देतं?

"माणसाचं का जनावराचं?" आतून आवाज आला.

"माणसाचं."

"मग अवघड आहे. जनावराचं असतं तर कानातल्या बिल्ल्याचा फॉर्म होता. वर आरोग्याला जा."

वर गेलो. तिथल्या गृहस्थांनी माझा अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "कुणाला काही झालंय का?"

"नाही. होऊ नये म्हणून तर आलोय."

"मग झाल्यावर या," ते म्हणाले, आणि अर्जाची पोच मात्र शिक्क्यासकट दिली. तो जांभळा शिक्का बघताना मला एक कल्पना सुचली, पण ती पुढं येईल.

घरी आलो तर कॉलनीत बातमी पसरलेली. आमच्याकडं कुणाच्या घरी पाव्हणा आला तर चहा कुणाकडं होतो ते कळत नाही, पण पाव्हण्याचं काम सगळ्यांना कळतं. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक बापूसाहेब फाटकातूनच म्हणाले, "विजयराव, फाउंटन पेनची निळी शाई. दुसरं काही बघू नका. माझ्या वर्गातल्या अर्ध्या पोरांनी कंपासच्या टोकानं नावं गोंदली होती."

"कुणाला काही झालं नाही?"

बापूसाहेबांनी आठवून सांगितलं, "दोघांचे हात सुजले. एकाचं लग्न दुसऱ्याच मुलीशी झालं. बाकी काही नाही." आणि आत जाऊन त्यांनी दौत आणून दिली.

हिंदुराव आले ते मुठीत छोटी बाटली घेऊन. सोसायटीच्या निवडणुकीत बोटाला लावायची शाई, उरलेली. ती त्यांच्याकडं कशी उरली हे मी विचारलं नाही. "सर, सरकारमान्य आहे," ते म्हणाले. "पुसता पुसत नाही. आख्ख्या देशाच्या बोटाला लावतात, कुणी मेलंय का?" युक्तिवाद बिनतोड वाटला. ती शाई कातडीवर लावायची असते, कातडीच्या आत टोचायची नसते, हा फरक आम्हा दोघांपैकी एकालाही सुचला नाही.

एकटे खाजाभाई तेवढे उलटे बोलले. त्यांचं मेडिकल चौकात, माझ्या फ्लेक्सच्या बरोबर खाली आहे. मी नव्या सुया मागायला गेलो, तर त्यांनी कशाला पायजेत म्हणून विचारलं, आणि कळल्यावर काउंटरवरचा हात मागं घेतला.

"विजूभाऊ, ह्या कामाला मी सुया देनार न्हाय. हात मुंबैला दाखवायची येळ आली तर माझं नाव सांगशीला."

"अहो, उकळून घेणार आहे."

"सुई उकळशीला. शाई उकळशीला का? आन ती वर बघा," त्यांनी फ्लेक्सकडं बोट केलं, "आधी तेवढं पार पडू द्या."

मी वर बघितलं. वाघ दिसला, मी दिसलो, सूर्य दिसला. खाजाभाई काय सुचवत होते ते तेवढं दिसलं नाही.

आता कुकर. रविवारी दुपारी मी घरातल्याच पाच नव्या शिवणाच्या सुया कुकरच्या डब्यात ठेवून पाच शिट्ट्या केल्या. राजलक्ष्मीनं विचारलं, आत काय शिजतंय. मी सांगितलं. ती म्हणाली, "त्या कुकरात आता मी वरण लावणार नाही." आणि लावलं नाही. तो कुकर आजही माळ्यावर आहे आणि नवा मी आणलाय.

मग प्रयोग. छकुलीच्या हाताला कुठली शाई मानवेल हे आधी कुणाच्या तरी हातावर बघायला हवं होतं, आणि रसाचं सॅम्पल काढायला दुसऱ्याला पुढं करणं माझ्या स्वभावात नाही. डावा हात टेबलावर ठेवला. पहिलं टिंब आईच्या काजळीचं, कारल्याच्या रसासकट. दुसरं बापूसाहेबांच्या दौतीतलं. त्यांच्या खाली तिसरं शिक्क्याच्या पॅडच्या जांभळ्या शाईचं, ही माझी इंदापूरची कल्पना. त्याच्या शेजारी चौथं, हिंदुरावांची सरकारमान्य शाई. एकमेकांत मिसळू नयेत म्हणून शिस्तीत दोन वर, दोन खाली. पाचव्याला जागा उरली ती मध्ये. तिथं मी माझाच केसांचा कलप टोचला. रोज डोक्याला चालतो, तर हाताला काय होणार, असं वाटलं. टोचायचं काम आईनं केलं. तिनं चष्मा न लावता प्रत्येक टिंब नेमकं जागेवर पाडलं आणि सगळ्यावर हळद दाबली. मी रजिस्टरला तारीख, वेळ, शाईचा प्रकार, सगळं टिपून घेतलं.

छकुली शेजारी बसून बघत होती. "मामा, पाचही एकाच हाताला केलीस," ती म्हणाली. "काही झालं तर कुठल्या शाईनं झालं हे कसं कळणार?"

मी तिला म्हणालो, ते आपण नंतर बघू.

तिसऱ्या दिवशी बघायची वेळ आली. हात कोपरापर्यंत फुगला. चौथं टिंब भाजल्यासारखं चरचरत होतं, पाचव्याला अशी खाज की कारखान्यात साहेबांपुढं उभा असताना मी दाराच्या चौकटीला हात घासत होतो. कुठल्या शाईचा दोष ते सांगता येईना, कारण सूज सगळ्यांची मिळून एकच होती. सव्वीस वर्षांत माझं सॅम्पल कधी असं खराब झालं नव्हतं. शेवटी खाजाभाईंनीच मला गाडीवर घालून डॉक्टरकडं नेलं, इंजेक्शन झालं, गोळ्या झाल्या. वाटेत फ्लेक्सखाली त्यांनी गाडी मुद्दाम हळू केली, आणि तेच मला जास्त लागलं.

हात उतरला. टिंबं मात्र पाचही मुक्कामाला राहिली. आईनं चष्मा लावून पाहणी केली आणि निकाल दिला, "काजळीचं बघ कसं गप हाय. बाकीची तुझी थेरं. शिबिराच्या दुसऱ्या दिशी छकुलीचं करून टाकू. काजळी, सुई आन मी." छकुली माझ्याकडं बघून हसली, पण तिनं डावा हात ओढणीखाली घेतला. ते मी पाहिलं आणि मला बरं वाटलं नाही. पण शहाणपण सांगायचं कुठल्या तोंडानं? माझ्या हाताकडं बघून आईनं ते हसण्यावारी नेलं असतं.

शिबिराचा दिवस उजाडला. मी पांढरा फुल शर्ट घातला. आई इरकली नेसून पहिल्या रांगेत, शेजारी राजलक्ष्मी, छकुली, बापूसाहेब. हिंदुरावांनी माइकवरून माझं नाव एकदा रक्तवीर म्हणून आणि एकदा चुकून कै. लावून घेतलं. मी फॉर्म न वाचता भरला. कावीळ नाही, मलेरिया नाही, ऑपरेशन नाही, गोंदण नाही, खाली सही. खाटेवर पडलो आणि सवयीनं डावी बाही वर केली.

रक्तपेढीच्या डॉक्टर साजिया नावाच्या तरुण बाई होत्या. पट्टा बांधता बांधता त्या थांबल्या.

"काका, हे काय आहे?"

"सॅम्पल," मी म्हणालो.

"कधी केलंत?"

इथं माझ्या शिस्तीनं माझा घात केला. मी तारीख सांगितली, वार सांगितला आणि दुपारी चार वाजून दहा मिनिटं हेही सांगितलं. पुढं शायांची नावंही क्रमानं सांगितली. कलपाशी येईपर्यंत बाईंनी पट्टा सोडला होता.

"एक वर्ष तुम्हाला रक्त देता येणार नाही."

"पण सुया उकळल्या होत्या. पाच शिट्ट्या."

"शाई कुठून आली, कशात बुडवली, कुकरला काय माहीत? अशातून कावीळ शिरली असेल तर महिनोन् महिने चाचणीतसुद्धा सापडत नाही. तुमची बाटली एखाद्या बाळंतिणीला लागली तर?"

हिंदुराव मध्ये आले. "मॅडम, फ्लेक्स लागलाय."

"मग फ्लेक्सचं काढू का?" बाई म्हणाल्या.

मी उठून बसलो. हीच वाक्यं मी स्वतः कॉलेजच्या मुलांना दहा वेळा सांगितली होती, बाळंतिणीसकट. इतकी लाज मला जन्मात वाटली नाही. मंडपात लोक कुजबुजत होते, माइक चालू होता, आणि मी बाही खाली करायच्या नादात बटण तोडलं.

तेवढ्यात आई उठून खाटेपाशी आली. मला वाटलं आता डॉक्टरणीला सुनावणार. पण ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, गोंदल्यानं ताप येतो व्हय?"

"येऊ शकतो, आजी. सुईला, पाल्याला, पाण्याला कशालाही घाण असली आणि ती आत गेली तर."

"मानूस जातं?"

"कधीकधी जातंही."

आई माझ्या खाटेच्या कडेला बसली. स्वतःच्या हातावरच्या हिरव्या टिंबांवर अंगठा फिरवत राहिली.

"माझी थोरली बहीन व्हती, भीमा," ती म्हणाली. "आमा दोघींना एकाच दिशी गोंदलं. तिची हळद लागायची व्हती. हात सुजला, ताप भरला, आठव्या दिशी गेली. समदी म्हनली, नजर लागली. मी बी तेच धरून बसले. तिची आठवन म्हनून हे पुढं चालवलं. लेकीला टोचलं, आता नातीला टोचनार व्हते." मग डॉक्टर बाईंकडं बघून म्हणाली, "मला कुनी सांगितलंच न्हाय, बाई."

मला छप्पन्न वर्षं झाली, मला भीमा नावाची मावशी होती हे मला त्या दिवशी कळलं. मी आईचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, कमरेच्या पिशवीतून फडकं काढलं आणि बांधलेल्या तीन सुया डॉक्टर बाईंच्या हातात दिल्या. वापरलेल्या सुया टाकायचा त्यांचा एक डबा असतो. बाईंनी त्यात त्या टाकल्या आणि झाकण लावलं.

छकुली कधी उठून आली कळलं नाही. ती माझ्या शेजारच्या खाटेवर पडली आणि तिनं डावी बाही वर केली. स्वच्छ, कोरा हात. "मामाच्या जागी माझं घ्या. वजन बावन्न किलो, गोंदण नाही," ती म्हणाली. तिची आई, म्हणजे माझी बहीण, फोनवर आठ दिवसांवर लग्न आलंय म्हणून ओरडत होती. राजलक्ष्मीनं तिला सांगितलं की डॉक्टर शेजारीच उभ्या आहेत आणि लाडूही इथंच मिळतो. हिंदुरावांनीही फ्लेक्स वाया घालवला नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या चेहऱ्यावर छकुलीचा फोटो चिकटला, अर्धशतकाच्या जागी 'पहिले पाऊल' आलं. वाघ तसाच राहिला.

लग्न लोणी भापकरला झालं. सगळं सुरळीत चाललं होतं. बोहल्यावर जायच्या आधी नवरदेवाची आजी, तीही आईच्याच वयाची, छकुलीला जवळ घेऊन बसली. बांगड्या मागं सारून तिनं डावा हात बघितला, मग उजवा, मग पुन्हा डावा.

"पोरीला गोंदण न्हाय व्हय?" ती सगळ्यांदेखत म्हणाली. "तुमच्यात करत्यात असं ऐकलं व्हतं."

बहिणीनं माझ्याकडं बघितलं, मी खाजाभाईंकडं बघितलं, खाजाभाईंनी जिलबीकडं बघितलं. आई मात्र शांतपणे उठली, माझ्यापाशी आली आणि नव्या सदऱ्याची डावी बाही कोपरापर्यंत वर सारली. तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. दोन वर, दोन खाली, एक मधी. जशी आईच्या हातावर होती, अगदी तशीच.

"हाय की," आई म्हणाली. "तिच्या वाटचं मामानं घेतलंय."

त्या आजीनं माझा हात डोळ्यांजवळ नेला. पाचही टिंबांवरून बोट फिरवलं.

"रंगीत हाय," ती म्हणाली.

"मामा हौशी हाय," आई म्हणाली, आणि मधल्या टिंबावर, माझ्या कलपाच्या टिंबावर, तिनं क्षणभर अंगठा ठेवला.

"मग झालं तर," ती आजी म्हणाली. "मामा पाठीशी उभा ऱ्हातोय. त्याच्या हातावर हाय म्हंजे पोरीच्या पाठीला हाय."

भटजींनी मामाला बोलावलं. मी छकुलीच्या मागं जाऊन उभा राहिलो. राजलक्ष्मीनं खालून खूण केली की बाही खाली करा, फोटो काढतायत. मी केली नाही.